कंटाळा येणारी इमारत: ‘जनरेटर’चं प्रकरण

१९७९ च्या जानेवारीत संगणक-सल्लागार जॉन फ्रेझर यांनी लंडनमधले वास्तुरचनाकार सेड्रिक प्राइस यांना एक पत्र लिहिलं. फ्लोरिडातल्या जंगलात उभ्या राहायच्या एका इमारतीसाठी कोणते संगणक प्रोग्राम लागतील, याबद्दलचं ते पत्र होतं. बहुतेक सूचना कुणालाही पटाव्यात अशा होत्या. एक मात्र अजब होती. इमारतीची मांडणी बराच काळ कुणी बदललीच नाही, तर संगणकाने ते हेरायचं आणि कुणी मागितलेले नसताना नवे आराखडे काढायला लागायचं. थोडक्यात, इमारतीला कंटाळा यायचा.

या इमारतीचं नाव ‘जनरेटर’. वीज गेल्यावर धडधडणाऱ्या यंत्राशी त्याचा संबंध नाही. कल्पना, घडामोडी, भेटीगाठी निर्माण करणारी जागा, या अर्थाने ते नाव होतं. १९७६ ते १९७९ अशी जवळपास तीन-चार वर्षं तिच्यावर काम झालं. पुढे अनेकांनी तिला जगातली पहिली ‘बुद्धिमान इमारत’ म्हटलं. ती कधीच बांधली गेली नाही.

न बांधलेल्या इमारतीचं प्रकरण कशाला मांडायचं, असं वाटणं साहजिक आहे. माझं कारण सरळ आहे. माणसांना प्रतिसाद देणारी वास्तू म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतात ते आपोआप मिटणारे पडदे, चाहूल लागताच पेटणारे दिवे आणि खोलीत किती माणसं आहेत हे पाहून कमी-जास्त होणारी हवा. हे सगळं उपयोगाचं आहे. पण प्रतिसाद म्हणजे नेमकं काय, कुणी कुणाला द्यायचा आणि तो देताना कष्ट कुणाचे, हे प्रश्न ‘जनरेटर’मध्ये जितके उघडे पडतात तितके बांधून झालेल्या इमारतींत क्वचितच पडतात. बांधलेल्या इमारतीत ते फॉल्स सीलिंगच्या वर आणि कंट्रोल रूमच्या दाराआड जातात.

मागणी काय होती

मालक होते हॉवर्ड गिलमन, गिलमन पेपर कंपनीचे प्रमुख. फ्लोरिडाच्या उत्तर टोकाला, जॉर्जिया राज्याच्या सीमेलगत, युली गावाजवळ कंपनीची व्हाइट ओक नावाची मोठी जंगलजमीन होती. शेजारून सेंट मेरीज नदी वाहते. गिलमन कलेचे मोठे आश्रयदाते होते. त्यांच्या कंपनीने छायाचित्रांचा आणि पुढे वास्तुकलेतल्या धाडसी, बहुतांशी न बांधल्या गेलेल्या प्रकल्पांच्या चित्रांचा जो संग्रह केला, तो आज फार महत्त्वाचा मानला जातो. त्यांना व्हाइट ओकवर अशी जागा हवी होती, जिथे कलावंत, विचार करणारी माणसं आणि कंपनीचे पाहुणे येऊन राहतील, काम करतील, एकमेकांना भेटतील.

मागणी वाचली की एखाद्या नवख्या वास्तुरचनाकाराची झोप उडेल. आपण कुठेच नाही आहोत, निव्वळ रानात आहोत, ही भावना इमारतीमुळे मोडू नये, उलट वाढावी. एकांत असावा, पण प्रेक्षकांनाही जागा असावी. खासगी पाहुण्यांची सोय हवी आणि लोकांनाही येता यावं. भोवतालच्या रानटीपणाचा मान राखावा आणि आत एक मोठा ग्रँड पियानोही मावावा. जागेचा इतिहास जपावा आणि नवंही काही करावं.

यातली एकेक अट वेगळी घेतली तर ती सोपी आहे. जोडीने घेतल्या की एकमेकींच्या अंगावर येतात. अशा वेळी नेहमीचा मार्ग म्हणजे तडजोड: थोडा एकांत, थोडं सभागृह, पियानोसाठी एक बऱ्यापैकी खोली. प्राइस यांनी तडजोड केली नाही. या अटी एकाच वेळी पाळता येत नसल्या तरी एकामागून एक पाळता येतील, हे त्यांनी ओळखलं. सोमवारी चार माणसं चार कोपऱ्यांत एकटी बसलेली, शुक्रवारी तेच कोपरे एकत्र येऊन पियानोची मैफल. म्हणजे अडचण जागेची राहिली नाही, काळाची झाली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा डिझाइनचा निर्णय हाच. संगणक त्याच्या नंतर येतो.

प्राइस यांना हा विचार नवा नव्हता. १९३४ साली जन्मलेल्या या माणसाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नाट्यदिग्दर्शक जोन लिटलवुड यांच्याबरोबर लंडनसाठी ‘फन पॅलेस’ रचला होता: पोलादी सांगाड्यात वरून फिरणाऱ्या क्रेन, आणि खाली लोकांच्या मर्जीप्रमाणे हलवता येणाऱ्या भिंती, जमिनी, रंगमंच. त्या कामात सायबरनेटिक्सचे, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्यातलं नियंत्रण आणि संदेशवहन अभ्यासणाऱ्या शास्त्राचे, अभ्यासक गॉर्डन पास्क सामील होते. फन पॅलेसही बांधला गेला नाही. पास्क यांचा १९६९ सालचा मुद्दा मात्र टिकला. इमारत आणि तिच्यात वावरणारी माणसं यांच्यात संवाद असतो आणि वास्तुरचनाकाराने त्या संवादाची घडण करायची असते, असं ते म्हणत. ‘संवाद’ या शब्दावर मी पुढे परत येणार आहे, कारण सगळं त्यावरच अडतं.

घन, क्रेन आणि दोन माणसं

‘जनरेटर’चा मूळ घटक म्हणजे १२ फूट लांब, १२ फूट रुंद, १२ फूट उंच असा घन. असे १५०. त्यांच्याबरोबर भिंतींची पॅनेलं, काचा, सरकती काचेची दारं, आडोशाचे पडदे, लाकडी पायवाटा. जमिनीवर ठरावीक अंतरांवर पायाचे ठोकळे आधीच बसवलेले. घन उचलायचा आणि दुसऱ्या ठोकळ्यांवर नेऊन ठेवायचा. उचलायला फिरती क्रेन.

एका घनाची जमीन १४४ चौरस फूट, म्हणजे साधारण १३.४ चौरस मीटर. एखाद्या बेताच्या बेडरूमएवढी. १५० घनांची मिळून २१,६०० चौरस फूट, सुमारे २,००० चौरस मीटर. हे आकडे मी मुद्दाम मांडतो. चित्रांत ‘जनरेटर’ हलकी, जवळजवळ खेळण्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती एका भल्यामोठ्या अतिथिगृहाएवढी होती, आणि तिचा प्रत्येक घास क्रेनने उचलायचा होता.

कोणते घन कुठे ठेवायचे हे ठरवण्यासाठी प्राइस यांनी आधी माणसांना विचारलं. येणाऱ्यांकडून आणि कंपनीच्या लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची: तुम्हाला इथे काय काय करायला आवडेल, त्याला जागा किती लागेल, साधनं कोणती, शांतता हवी की गोंगाट चालेल. मग या गोष्टी एकमेकींशेजारी नांदू शकतात का, याचे तक्ते. त्यातून घनांच्या वेगवेगळ्या मांडण्या निघायच्या, ज्यांना प्राइस ‘मेन्यू’ म्हणत. शब्द अगदी नेमका आहे. मेन्यूवरचं सगळंच कुणी मागवत नाही, पण मागवता येतं हे ठाऊक असतं.

आणि मग दोन माणसं. ‘फॅक्टर’ नावाची भूमिका क्रेन चालवणाऱ्याची, म्हणजे आराखडा प्रत्यक्षात आणणाऱ्याची. ‘पोलरायझर’ नावाची भूमिका पाहुण्यांना उद्युक्त करणाऱ्याची: या जागेशी काय काय करता येईल हे त्यांना सुचवायचं, त्यांना मागायला लावायचं. ‘जनरेटर’बद्दलच्या बहुतेक चर्चांत संगणकावर भर असतो आणि ही दोन माणसं एका ओळीत उरकली जातात. मला ती मध्यवर्ती वाटतात. बदलता येणारी जागा दिली की लोक ती बदलतात, हे गृहीतच चुकीचं आहे. सरकती भिंत असलेल्या सभागृहात ती भिंत वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नाही? ती सरकवायची परवानगी कुणाकडे मागायची हे कळत नाही, सरकवली आणि अडकली तर काय ही धास्ती असते, शिवाय आपण पाहुणे, उगाच खटाटोप कशाला. प्राइस यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी संगणकाच्याही आधी एका माणसाला काम दिलं: लोकांचा संकोच मोडायचं.

संगणकाचं काम

इथे जॉन आणि ज्युलिया फ्रेझर आले. १९७८ च्या सुमारास प्राइस यांनी त्यांना संगणकाच्या बाजूचे सल्लागार म्हणून घेतलं. त्यांनी मांडलेले प्रोग्राम साधारण असे. एक, मांडणीचे नियम सांभाळून आराखडे काढणारा: कोणता घन कुठे चालेल, कुठे नाही, वाट कुठून जाईल. दुसरा, हिशेबनीस: किती घन, किती पॅनेलं, कोणती वापरात, कोणती मोकळी, याची सतत ताजी यादी. तिसरा पाहुण्यांसाठी, म्हणजे मांडणीशी खेळून पाहायला. हे तिन्ही आज कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतील.

चौथ्याकडे वळण्याआधी एका तांत्रिक गोष्टीपाशी थांबतो, कारण ती त्या काळाच्या फार पुढची होती. फ्रेझर दांपत्याची सूचना अशी की इमारतीच्या प्रत्येक भागात एक मायक्रोप्रोसेसर, म्हणजे छोटी संगणकीय चिप, बसवावा. मग तो भाग जिथे जोडला जाईल तिथून ‘मी इथे आहे, माझ्या शेजारी हा आहे’ असं कळवेल. कुणी नकाशा हातात घेऊन जंगलात फिरून कोणता घन कुठे आहे ते टिपायला नको. इमारतीला स्वतःची रचना स्वतः ठाऊक. त्यांनी याचं चालणारं छोटं मॉडेलही तयार केलं: ठोकळे पटावर लावले की संगणकाला मांडणी समजायची.

या तंत्राचा पुढचा प्रवास मला फार आवडतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेझर यांनी याच धर्तीवर वास्तुरचनाकार वॉल्टर सीगल यांच्या घरबांधणी पद्धतीसाठी मॉडेल केलं. सीगल यांची पद्धत सामान्य माणसांनी आपलं घर आपल्या हातांनी बांधावं यासाठी होती. पटावर छोट्या भिंती, दारं, खिडक्या रोवायच्या आणि संगणक त्यावरून घराचा नकाशा काढणार. ज्याला नकाशा काढता येत नाही त्यालाही आपलं घर मांडता यावं, हा त्यामागचा हेतू. कागद कंपनीच्या पाहुण्यांसाठी शोधलेली युक्ती स्वतःचं घर बांधणाऱ्यांच्या कामी यावी, ही या प्रकरणातली आनंदाची बाजू.

कंटाळा नेमका कुणाला

आता चौथा प्रोग्राम. तो वेळ मोजतो. मांडणी बदलली की घड्याळ पुन्हा शून्यावर. बदलली नाही तर काही काळाने संगणक स्वतःहून नवे आराखडे आणि सुधारणा काढतो, आणि ते क्रेन चालवणाऱ्या फॅक्टरकडे अंमलबजावणीसाठी देतो. शिवाय आधी केलेल्या बदलांचं काय झालं हे लक्षात ठेवून पुढच्या सूचना सुधारतो.

हे ऐकून बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: लोकांनी मांडणी बदलली नाही, म्हणजे ती त्यांना आवडली असेल ना? मग यंत्राने लुडबुड का करायची? प्रश्न रास्त आहे, आणि मीही बरीच वर्षं याच बाजूला होतो. माझं मत बदललं ते व्हाइट ओकवर राहणार कोण याचा विचार केल्यावर.

तिथे कायमचा रहिवासी कुणी नव्हता. पाहुणे यायचे, काही दिवस राहायचे आणि जायचे. पाहुण्याला कंटाळा यायला वेळच मिळत नाही. त्याला समोर जे दिसतं ते त्याच्या लेखी ‘असंच असतं’. पहिल्या पाहुण्याने एक मांडणी केली, दुसऱ्याला ती बरी वाटली, तिसऱ्याला ती बदलता येते हेच कळलं नाही, आणि चौथा आला तोवर ती प्रथा होऊन बसली. म्हणजे आवडून नव्हे, तर केवळ कुणी हात न लावल्याने इमारत गोठत जाते. हे घडताना सलग पाहणारे कोण? तिथला सेवकवर्ग आणि खुद्द इमारत. सेवकवर्गाच्या हाती आधीच पुरेसं काम. तेव्हा एवढा काळ आठवणीत ठेवून ‘आता फार झालं’ म्हणणारं कुणीतरी हवं असेल, तर ते काम संगणकाला देण्यात मला शहाणपण दिसतं. कंटाळा येण्याइतका मुक्काम फक्त त्याचाच होता.

यात आणखी एक बारकावा आहे. कंटाळलेली इमारत भिंती आपोआप हलवत नाही. ती आराखडा काढून माणसाच्या हातात देते. क्रेन चालवणारा माणूस तो वाचतो. तो म्हणू शकतो की पावसाने जमीन भिजली आहे, आज क्रेन रुतेल. किंवा पलीकडच्या खोलीत कुणी दोन दिवसांपासून लिहीत बसलंय, त्याला उठवायचं नाही. यंत्राचं मत आणि घडणारी गोष्ट यांच्या मध्ये एक शहाणा माणूस उभा आहे. त्याला किती अधिकार असेल हे कागदपत्रांत मला हवं तितकं ठसठशीत दिसत नाही, आणि मी हा प्रकल्प आज हाती घेतला असता तर सगळ्यात आधी तेच लिहून काढलं असतं: फॅक्टर नाही म्हणू शकतो, कारण सांगू शकतो, आणि ते कारण संगणकाला शिकावं लागतं.

आजच्या साधनांशी ताडून पाहा. २०११ साली नेस्ट नावाचा ‘शिकणारा’ थर्मोस्टॅट बाजारात आला. तुम्ही तापमान कधी वाढवता, कधी कमी करता हे पाहून तो तुमची सवय शिकतो आणि मग तीच सवय तुमच्यासाठी पाळतो. उष्णतेच्या बाबतीत हे योग्यच आहे. रोज संध्याकाळी नवं तापमान सुचवणारं यंत्र कुणालाही नको. पण प्रतिसादाची आपली सगळी समजच या यंत्रावर बेतली गेली, हे मला खटकतं. माणूस आज जसा वागतो तसाच उद्या वागणार असं धरून इमारत त्याच्याभोवती घट्ट बसत जाते. पास्क ज्याला संवाद म्हणत, त्यात दोन्ही बाजूंनी काहीतरी अनपेक्षित बोलावं लागतं. नुसतं ‘हो’ म्हणणाऱ्याशी कुणी गप्पा मारत नाही. नेस्टचा थर्मोस्टॅट आज्ञा पाळतो. ‘जनरेटर’ प्रश्न विचारते.

मात्र हे सगळीकडे लागू करण्याच्या मी ठाम विरुद्ध आहे. दृष्टी नसलेला माणूस पलंगापासून दारापर्यंत पावलं मोजून चालतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला न्हाणीघर कालच्याच जागी सापडणं ही त्याच्या स्वावलंबनाची शेवटची शिदोरी असते. अशा घरात प्रतिसाद देणं म्हणजे जागचं न हलणं. ज्या वास्तूत माणसं थकून परत येतात, तिने त्यांना चकित करू नये. कंटाळा येणारी इमारत शोभते ती जिथे माणसं मुळातच आपल्या सवयींपासून दूर जायला येतात तिथे, आणि व्हाइट ओक अगदी अशीच जागा होती. कल्पना चांगली की वाईट हा प्रश्न मला पोकळ वाटतो. कुणासाठी, एवढंच विचारण्यासारखं आहे.

काम कुठे अडलं

प्रकल्प थांबण्यामागे कंपनीच्या आतले वाद होते आणि देखभालीची काळजी होती. वादांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. घराण्याच्या कंपन्यांत ते होतात आणि त्यात चांगले प्रकल्प बुडतात. देखभालीचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, कारण वास्तुकलेच्या चर्चेत तो कायम ‘दुर्दैवाने’ या शब्दाने उडवून लावला जातो. जणू एक थोर कल्पना क्षुल्लक व्यवहारापायी गेली.

क्षुल्लक कसा? एक घन हलवायचा म्हणजे काय काय करावं लागतं ते पाहू. फ्लोरिडात चक्रीवादळं येतात. हलक्या घनाला वारा नुसता ढकलत नाही, उचलतोही. म्हणून प्रत्येक घन पायाला पक्का बांधलेला हवा. हलवायच्या आधी ती बांधणी सोडायची, हलवल्यावर पुन्हा पक्की करायची, आणि एकही राहून गेली तर पुढच्या वादळात त्याची किंमत मोजावी लागणार. दोन घनांच्या मधल्या सांध्यातून पाऊस आत येऊ नये म्हणून तिथे पट्टी किंवा पुट्टी लागते. सांधा उघडला की ती वाया, नव्याने भरायची. वीज तोडायची, जोडायची. त्या घनात न्हाणीघर असेल तर पाणी आणि सांडपाणीही आलं, आणि सांडपाण्याच्या नळाला उतार लागतो, तो मर्जीप्रमाणे वळत नाही. दमट हवेत लाकूड फुगतं. आज सहज सरकणारं दार दोन महिन्यांनी दुसऱ्या चौकटीशेजारी बसेलच असं नाही.

नुसता हिशेबापुरता अंदाज धरू: एका घनाला सगळं मिळून एक तास. प्रत्यक्षात जास्तच लागेल. शुक्रवारच्या मैफलीसाठी १२ घन हलवायचे तर क्रेनवाला आणि त्याच्या मदतनिसांचा दीड दिवस गेला. सोमवारी परत एकांत हवा, म्हणजे आणखी दीड. आठवड्यातले तीन दिवस जंगलात क्रेन घरघरतेय, आणि मूळ मागणी होती की आपण निव्वळ रानात आहोत असं वाटावं. क्रेन फिरायला घट्ट, रुंद वाट लागते. १५० घनांपर्यंत पोहोचणाऱ्या वाटा काढायच्या तर झाडं जाणार. काळ वापरून सोडवलेली अडचण इथे परत जागेची होते.

म्हणून तिथल्या देखभालीची चिंता ज्यांना वाटली, त्यांना मी कल्पनाशक्ती नसलेली माणसं म्हणणार नाही. ‘हे रोज करणार कोण?’ हा वास्तुकलेचाच प्रश्न आहे. प्रश्नावली पाहुण्यांसाठी जितकी तपशीलवार होती, तितकीच बारकाईने काम करणाऱ्यांना विचारायला हवं होतं: तुम्हाला एका दिवसात किती घन हलवणं झेपेल, कोणता सांधा सगळ्यात जास्त छळेल, पावसाळी महिन्यांत काय बंद ठेवावं. त्यांची उत्तरं संगणकाच्या नियमांत गेली असती, तर कंटाळलेल्या इमारतीने कदाचित रोजच्या दोनच घनांचे बदल सुचवले असते: एक पडदा इकडे, एक पायवाट तिकडे. तशी ‘जनरेटर’ चित्रांत कमी देखणी दिसली असती. पण उभी राहण्याची शक्यता वाढली असती.

प्राइस यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायलाच हवी. लंडनच्या केंटिश टाउन भागात त्यांनी रचलेलं इंटर-ॲक्शन सेंटर १९७० च्या दशकात प्रत्यक्षात उभं राहिलं. उघडा पोलादी सांगाडा, त्यात गरजेप्रमाणे बसवलेल्या खोल्या. संगणक नाही, कंटाळा नाही. फन पॅलेसमधला विचार तिथे छोट्या रूपात चालला. पुढे या इमारतीला वारसा म्हणून संरक्षण द्यावं असा प्रस्ताव आला, तेव्हा प्राइस यांनी स्वतःच विरोध केला: तिचं काम झालं असेल तर ती जावी. २००३ साली ती पाडली गेली, आणि त्याच वर्षी प्राइसही गेले. स्वतःची बांधलेली इमारत जाऊ द्या म्हणणारा वास्तुरचनाकार मला दुसरा पटकन आठवत नाही. ‘जनरेटर’मध्ये बदलाचं जे वेड दिसतं ते दिखाऊ नव्हतं, याचा याहून मोठा पुरावा नको.

नंतर काय झालं

‘जनरेटर’ची चित्रं गिलमन यांच्या संग्रहातून पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेली. पायाच्या ठोकळ्यांची जाळी, तिच्यावर विखुरलेले चौकोन, रंगीत पेन्सिलीने काढलेल्या वाटा. एकाच मेन्यूवर ते चौकोन आता कायमचे थांबले आहेत.

व्हाइट ओक मात्र ओस पडलं नाही. १९८० च्या दशकापासून तिथे दुर्मिळ प्राण्यांच्या संवर्धनाचं मोठं केंद्र वाढलं. १९९० साली नर्तक मिखाइल बारिश्निकोव्ह आणि नृत्यरचनाकार मार्क मॉरिस यांनी ‘व्हाइट ओक डान्स प्रोजेक्ट’ नावाची नृत्यमंडळी सुरू केली. नाव या जमिनीवरूनच घेतलं होतं, आणि गिलमन यांच्या पाठबळावर मंडळींच्या तालमी तिथे होत असत. रानाच्या मध्यावर कलावंत येऊन काम करतात, ही १९७६ सालची इच्छा अशा रीतीने पुरी झाली. एकही घन उचलावा लागला नाही. नर्तकांना लागते ती सपाट, लवचीक, रोज तशीच सापडणारी लाकडी जमीन, आणि बोलावणारं कुणीतरी माणूस. पोलरायझरचं काम तिथे गिलमन यांनी स्वतः केलं.